पोवळ्याचं कपाट

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरवाल्याशी भांडत होते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पाण्याची बोंब नेहमीचीच, आणि तो गडी अर्धाच टँकर टाकीत सोडून पाईप गुंडाळायला लागला होता. "अहो, आम्ही पाणी मागवलंय, पाण्याचं दर्शन नव्हे," असं मी त्याला सुनावतेय तोवर फोन वाजला. मिलिंदराव, म्हणजे सुजाताचे यजमान. "नलिनीताई, सुजाता गेली. पहाटेच. झोपेत." मी म्हणाले, "बरं." बरं! जन्मभर शाळेत मराठी शिकवली, कुठल्या प्रसंगी कुठला शब्द शोभतो यावर तासच्या तास घेतले, आणि जिवाभावाची मैत्रीण गेल्याचं कळल्यावर तोंडातून निघालं काय, तर बरं. मग मी वळून टँकरवाल्याशी राहिलेलं भांडण पूर्ण केलं. भांडण थांबलं की ती बातमी खरी होईल, हे मला कळत होतं. तो गेला आणि मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

त्याला आता दोन-अडीच महिने झाले. लिहायला घ्यायचं आणि ठेवून द्यायचं, असं चाललं होतं. सुजाता पोवळ्यांची शास्त्रज्ञ होती, विद्वान होती, वगैरे लिहायला दुसरी माणसं आहेत आणि त्यांनी ते लिहिलंही. मला लिहायचंय ते तिच्या घरातल्या एका कपाटाबद्दल आणि त्यात ठेवलेल्या पोवळ्याबद्दल. जाताना तिने त्या कपाटाचं एक लचांड माझ्या गळ्यात घातलं. मी ते निस्तरलं. बरं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही, आणि जिला विचारावं तीच नाही... म्हणून तुम्हाला सांगतेय.

सुजाता समुद्राच्या पार तळाशी राहणाऱ्या पोवळ्यांचा अभ्यास करायची, तोही पुण्यात राहून. "आमच्या मुठेत पाणी नाही आणि तुम्ही महासागराचं काय घेऊन बसलात?" हा विनोद तिला अख्ख्या पुण्याने ऐकवला, आणि ऐकवणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय. ती शांतपणे म्हणायची, "हो ना. म्हणूनच तर तिकडे गेले." खरं तर समुद्र तिच्याकडे फार आधी आला होता, आणि तो आला खडकीच्या बाजारातून. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशीनवर होते. क्वार्टरमधल्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि आठवड्याच्या बाजारातून येणारी सुकट. ती निवडायचं काम सुजाताकडे. एकदा त्या वाळक्या कोळंबीच्या ढिगात तिला तांदळाच्या दाण्याएवढा एक शंख सापडला. आईने "फेक तो, दातात येईल" म्हटलं, आणि हिने तो काडेपेटीत ठेवला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने ती काडेपेटी मला दाखवली होती. "समुद्र मी आधी खाल्ला, नले. पाहायचा अजून राहिलाय," असं म्हणाली होती. मी तोवर कोकणात चारदा जाऊन आले होते, पण मला सांगण्यासारखं त्यात काही सापडेना.

मग कॉलेजची सहल हरिहरेश्वरला गेली. आम्ही सगळ्या साड्या-पंजाबी ड्रेस सावरत पाण्यात किंचाळत होतो, आणि ही बाई एका खडकावर उकिडवी बसलेली. जाऊन पाहते तर हिच्या हातात लिटमस! प्रॅक्टिकलच्या तासाला प्रयोगशाळेतून ढापलेली लाल कागदाची पट्टी हिने समुद्रात बुडवली होती. पट्टी निळी झाली. सगळ्या पोरी खो खो हसल्या. सरांनी कपाळावर हात मारला. हिच्या तोंडावर मात्र असा आनंद, की जणू समुद्राने हिला नावाने हाक मारली. "आम्लारी आहे गं," म्हणाली. "म्हणजे शंख-शिंपले त्यात सुखाने राहतील." मला रसायनशास्त्राचा मुळातच तिटकारा होता आणि पुढच्याच वर्षी मी कलाशाखेला पळाले, पण ती ओली निळी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ती गेल्यावर एकाने तिच्यावर चार ओळी लिहिल्या, त्यात "समुद्र आम्लधर्मी झाल्याचे त्यांनी सांगितले" असं वाक्य होतं. वाचलं आणि मला तिचा आवाजच ऐकू आला. या एका वाक्यावर ती सळसळून उठायची. "झालेला नाही! त्या बाजूला सरकतोय. आजही लिटमस बुडवलास तर निळाच होईल. जे बदललंय ते कागदाला कळत नाही, पोवळ्याला कळतं." मग ती मला समजावायची, मठ्ठ विद्यार्थिनीला समजावतात तसं. आपण जाळतो त्या कोळशाचा, डिझेलचा कर्बवायू हवेत जातो, त्यातला बराचसा समुद्र गिळतो, आणि पाण्यात त्याचं हलकंसं आम्ल होतं. हलकंसंच, पण ज्यांचं घर चुन्याचं, त्यांना तेवढं पुरतं. तिची पोवळी ही चित्रातली रंगीबेरंगी, उन्हातली नव्हेत. खोल, गार, काळोखात, जिथे उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही, तिथे ती उभी असतात. वरून जे काही बारीकसारीक गळून पडतं त्यावर जगतात. वर्षाकाठी नखाएवढी वाढली तरी खूप. असं करत करत हजारो वर्षांची वस्ती उभी राहते, आणि तिच्या आडोशाने मासे, खेकडे, काय काय संसार करतात. आता समुद्रात खोलवर एक रेघ अशी असते की तिच्या खाली चुन्याचं काही टिकत नाही, विरघळतं. ती रेघ वर वर येतेय, असं सुजाता सांगायची. "मासा उठून दुसरीकडे जाईल. ह्यांना पाय नाहीत गं."

एकदा मी विचारलं, "पण जिवंत पोवळं काहीतरी करत असेलच की." ती म्हणाली, "करतं ना. वरचा जिवंत थर स्वतःला सांभाळतो. जास्त राबतो, पोटाला चिमटा घेतो, पण हाडं बांधत राहतो. प्रश्न खालच्याचा आहे. ज्याच्यावर हे सगळं उभं असतं तो जुना, मेलेला सांगाडा. त्याला पाणी सरळ खातं. मेलेल्याला कोण सांभाळणार?" एवढं बोलून ती मेथी निवडायला लागली. तिची ही खोड होती. अंगावर काटा येईल असं काहीतरी बोलायचं आणि लगेच मेथी निवडायची.

लोकांनी तिला कमी छळलं नाही. पोवळ्याचा अभ्यास म्हटलं की समोरच्याचा हात आपोआप स्वतःच्या अंगठीकडे जायचा. "मंगळासाठी इटलीचं चांगलं की जपानचं?" एका भल्या गृहस्थाने लग्नाच्या पंगतीत विचारलं. ती म्हणाली, "पोवळ्यासाठी विचाराल तर समुद्रातलं." आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिचं व्याख्यान मीच ठेवलं होतं, हौसेने. हिने पिशवीतून काचेचा ग्लास काढला, व्हिनेगरची बाटली काढली आणि अंडं काढलं. कवच कसं विरघळतं ते दाखवायला. झालं! आमचे सेक्रेटरी ताडकन उठले. "मॅडम, हॉलमध्ये आपल्याकडे नैमित्तिक पूजा होतात. अंडं चालणार नाही." मला तर भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण तो आक्षेप नुसत्या अंड्याला नव्हता, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. सुजाताने अंडं रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. "हरकत नाही. प्रयोग कशावरही होतो. आपला संगमरवरी देव्हारा घेऊन या, त्यावर दाखवते." पुढे त्याच सेक्रेटरींनी विचारलं, "पण मग या सगळ्यात दोष कुणाचा?" ती म्हणाली, "आपण इथे कशाने आलात? स्कूटरने. मी समुद्रावर जाते ती जहाजाने, टाकीभर डिझेल जाळत. कुणाचं काही वाईट चिंतून कुणी काही करत नाही हो. दोष विचारू नका, सगळ्यांना 'मी' म्हणून हात वर करावा लागेल." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता. त्या मऊपणाचा अर्थ मला पुढे कपाटाच्या वेळी लागला.

मिलिंदराव खडकीचेच. तेही त्याच कारखान्यात, पण तपासणीच्या प्रयोगशाळेत. उभं आयुष्य नायट्रिक ॲसिडच्या शेजारी काढलेलं. सुजाता म्हणायची, "ॲसिडने काय उडतं ते हा बघतो, काय विरतं ते मी बघते. आमचा संसार मधल्यामध्ये चालतो." माणूस अबोल, टापटिपीचा, चपला भिंतीला काटकोनात लावणारा. ती जहाजावर महिना-महिना जायची तेव्हा लेकीची वेणी घालायचे, डबा भरायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. सुजाता निवृत्त झाली तेव्हा तिच्या संशोधन संस्थेने तिला रीतसर सही-शिक्क्यानिशी एक पोवळं भेट दिलं. खोल समुद्रातलं, केव्हाचं मेलेलं, पांढरं, दोन ओंजळींत मावेल एवढं, बाभळीच्या वाळक्या फांदीसारखं. मिलिंदरावांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून नाहीसे झाले. दिवसभर कुठे जातात कळेना. खडकीच्या जुन्या बाजारात त्यांना कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं ओकच्या लाकडाचं मोडकं कपाट मिळालं होतं. ते त्यांनी फळी-फळी सुटं केलं, रंधा मारला, अंगठा सोलून घेतला, पॉलिशचे हात दिले आणि त्या पोवळ्यापुरतं एक भिंतीतलं कपाट उभं केलं. पुढे काचेचं दार. आणि दाराच्या चारही कडांना रबराची पट्टी, कारण समोरची जुनी इमारत पाडून टोलेजंग टॉवर चालला होता आणि पुण्याच्या धुळीचा एक कण आत जाता कामा नये. ते दार लागलं की फ्रिजच्या दारासारखा आवाज यायचा. सुजाता कधी नव्हे ती रडली. "आयुष्यात मला कुणी इतकं नीट ठेवलं नव्हतं," म्हणाली. पोवळ्याबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

एक-दोन पावसाळे गेले असतील. मिलिंदराव केस कापायला गेले होते आणि तिने मला फोन करून बोलावून घेतलं. कपाट उघडलं. पोवळ्याच्या बुडख्याशी, खाचाखाचांतून, पांढरी लव आली होती, पिठासारखी.

"बुरशी लागली वाटतं," मी म्हणाले.

"बुरशी नव्हे. विरघळतंय." तिने बोटाने ती लव टिपली, चुटकीत चोळली. "लाकूड आंबट वाफ सोडतं, नले. ओक तर जास्तच. व्हिनेगरचीच जात. उघड्यावर असतं तर उडून गेली असती. ह्याने दार असं बसवलंय की वाफेला जायला वाट नाही. धूळ येऊ नये म्हणून."

मला एकदम हसू आलं. ज्या आम्लाच्या मागे ही जन्मभर समुद्राच्या तळापर्यंत गेली, ते हिच्या बैठकीच्या खोलीत, नवऱ्याच्या हातच्या कपाटात बसलं होतं. मी म्हणाले, "मग काढ की बाहेर! टीपॉयवर ठेव."

"आणि त्याला काय सांगू?"

हा प्रश्न सुजाताने विचारावा? संचालकाला भर सभेत "आपण पान चुकलात" म्हणणारी, सेक्रेटरीला देव्हारा आणायला सांगणारी ही बाई! मी तसं तिला म्हटलंही, चिडूनच. तिने दार हळूच लोटलं, पुरतं लावलं नाही. "तो रोज संध्याकाळी त्या कपाटापुढे बसून चहा पितो. काही बोलत नाही. नुसता बघतो आणि पितो. तेवढा चहा मला मोडायचा नाहीये, नले. खरं सगळ्यांना सांगत आले. ह्याला नाही सांगवत." मग म्हणाली, "तूही सांगायचं नाहीस. मी शपथा मानत नाही, पण तू मानतेस, तेव्हा घे."

घेतली. आणि मग त्या घरात दाराची लढाई सुरू झाली. सुजाता दार किलकिलं ठेवायची, वाफ निघून जावी म्हणून. मिलिंदराव येता-जाता ते लावायचे. ती उघडायची, ते लावायचे. "अगं, धूळ जाते." "जाऊ दे, मला बघायला बरं पडतं." "काचेतून दिसत नाही का?" "चष्म्याची काच आहेच, त्यावर आणखी काच कशाला?" संध्याकाळी चहाचा कप ठेवून उठले की शेवटचा हात त्यांचा त्या दाराकडे. ते आत गेले की हिचा. मिलिंदराव मला हसत हसत सांगायचे, "नलिनीताई, जगाचा समुद्र सांभाळते तुमची मैत्रीण, पण कपाटाचं दार लावायचं कळत नाही. पहिल्यापासून अव्यवस्थित." मी आपली पोह्यात तोंड खुपसून बसायचे. पोवळं वाचत नव्हतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. किलकिल्या दाराने फार तर थोडं सावकाश जात होतं.

मग तिला कॅन्सर झाला, हाडांत पसरला. कधी कंबर, कधी पाय, करत करत ती अंथरुणाला खिळली. एक दिवस तिच्या उशाशी बसले असताना मी बोलून गेले, "तुझ्या पोवळ्यांसारखंच झालं गं, खालून पोखरत आणलंय." मला वाटलं, मी काहीतरी गहिरं बोलले. तिने डोळे उघडले आणि मला असं झापलं की विचारू नका. "काही सारखं-बिरखं नाही. मराठीच्या बाई, तुमच्या उपमा तुमच्या शाळेत. मी म्हातारी होऊन मरतेय, कुणामुळेही नाही. ती आपल्यामुळे मरतायत. दोन्ही एकत्र कालवलंस तर त्यांचं कुणी ऐकणार नाही, माझ्यावरच रडत बसतील." धाप लागली तिला. मी पाणी दिलं. नंतर म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "छे, गेली चाळीस-पन्नास वर्षं तू माझा पेपर लाल शाईनेच तपासतेस." हसली. ते हसणं पुरतं हसून होईना, दुखत होतं.

शेवटचं भेटले त्या दुपारी तिचा पलंग बैठकीच्या खोलीतच आणून ठेवला होता. समोर कपाट. मिलिंदराव औषधं आणायला निघाले, चपला घालता घालता परत फिरले आणि दार लावून गेले. फ्रिजसारखा तो आवाज. सुजाताने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी उठले, दार उघडलं, येऊन बसले. तिला आता उठता येत नव्हतं, म्हणजे हे आता मीच करायचं होतं.

"मी गेल्यावर तो कुलूप लावेल बघ," ती म्हणाली.

"मग सांगू का त्यांना?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाली, "माझ्याच्याने नाही झालं. तुझ्याच्याने होत असेल तर सांग. शपथ सोडवली मी. पण..." आणि थांबली. "पण आधी त्याचा चहा होऊ दे."

वैकुंठ स्मशानभूमीत गर्दी होती. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, मिलिंदराव ताठ उभे राहिले आणि शेवटी एकदाच खाली बसले, चपलेचा बंद लावायचा म्हणून. त्यांच्या चपलेला बंद नव्हता. पुढे पुण्यानुमोदनाच्या, तिच्यामागच्या विधीच्या दिवशी घरी गेले तर कपाटापुढे स्टुलावर तिचा फोटो, पुढे मेणबत्ती, आणि काचेच्या दाराला छोटंसं पितळी कुलूप. किल्ली त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "एवढं एक तिचं आहे. त्याला आता धूळ लागू द्यायची नाही." लेक, प्रज्ञा, खराडीला नोकरी करते, तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, बाबांना प्लीज कुणी काही बोलू नका हं. ते अजून प्रोसेस करतायत." प्रोसेस! माणूस आहे की पीठ? पण पोरीचे डोळे सुजले होते. मी गप्प बसले.

आणि गप्पच बसत गेले. दर दोन-चार दिवसांनी जायची, सोफ्यावर बसायची, ते कुलूप बघायची. आत पावसाळ्याची दमट हवा कोंडलेली आणि ती पांढरी लव वर वर चढत चाललेली. मिलिंदराव बाहेरून काच पुसायचे, रोज, फडक्याने, कोपऱ्यांतून. आतलं पीठ त्यांना दिसत नव्हतं असं नाही. एकदा म्हणाले, "पोवळं उजळलंय, नाही? बंद ठेवल्याचा फायदा." त्या दिवशी मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. गेलेल्या सुजातावर राग काढला. स्वतः तोंड शिवून बसलीस आणि मला ह्यात लोटलंस, म्हणाले. सांगितलं तर ह्या माणसाजवळ उरलेला एकमेव आधार आपल्या तोंडाने काढून घ्यायचा. न सांगितलं तर तिचं म्हणून जे उरलंय ते त्यांच्याच हातून पीठ होऊ द्यायचं, आणि एक दिवस ते कुलूप उघडतील तेव्हा आत काय सापडणार? मला दोन्ही नको होतं.

मागच्या रविवारी गेले. चहा होऊ दिला. कप खाली ठेवून ते कपाटाकडे बघत बसले आणि मी सांगून टाकलं. लाकडाची वाफ, रबराची पट्टी, पांढरी लव, सगळं. शिकवताना बोलते तसं बोलले, एका दमात, नाहीतर झालं नसतं.

त्यांनी रिकामा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. रागावले असते तर बरं, असं मला झालं. मग विचारलं, "तिला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यापासून."

"म्हणून दार उघडं ठेवायची?"

"हो."

"आणि मी तिला अव्यवस्थित म्हणायचो." आवाज फुटला त्यांचा. "सगळी नोकरी ॲसिडात गेली हो माझी. वास ओळखायला हवा होता. मला सांगितलं असतं तर..."

"तर काय केलं असतंत?"

"मोडून टाकलं असतं कपाट."

"म्हणूनच नाही सांगितलं तिने," मी म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही रडलो, म्हातारी माणसं रडतात तसं, नाक पुसत, एकमेकांकडे न बघता.

थोड्या वेळाने ते उठले. आतून पेचकस आणला. कुलूप काढलं, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून सोडवले. मी म्हटलं, राहू द्या, आज नको. ऐकलं नाही. दार सुटं करून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं, काटकोनात. आतून आंबूस वास आला, अगदी पुसट. पोवळं उचलायला हात घातला तर बुडख्याचा एक लहानसा तुकडा त्यांच्या तळव्यातच भुगा झाला. ते तसेच उभे राहिले, तळवा उघडा धरून. "किती दिवस टिकेल हे आता?" त्यांनी मला विचारलं. मी मराठीची बाई, मला काय ठाऊक? ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, तिचा फोटो स्टुलावर होता.

हे छापू का, म्हणून मी त्यांना विचारलं. "छापा," म्हणाले. "माझं नाव घालून छापा."

काल पुन्हा गेले होते. पोवळं टीपॉयवर ठेवा असं मी सुचवलं होतं, त्यांनी ते कपाटाच्या चौकटीतच परत ठेवलंय. जागा तिची तीच, पण दार नाही. समोरच्या टॉवरची धूळ आत येते, फांद्यांवर बसते. ते पुसत नाहीत. आम्ही चहा प्यायलो. कप ठेवून ते उठले आणि आत जाता जाता त्यांचा उजवा हात सवयीने पुढे गेला, दार लावायला. तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, पलंग होता त्या जागेकडे... आता ती उठून उघडेल, म्हणून.